मैदान सपाट हवं, की समोरची टीमच नको?

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले, की देशाची उत्पादकता वाढवायची असेल तर तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांची ९० तासांची क्लिप सगळ्यांच्या मोबाईलवर फिरली. यावर आपल्या कॅन्टीनमध्ये जेवढी चर्चा झाली, तेवढी थर्मोडायनॅमिक्सवर झाली असती तर निम्म्या वर्गाच्या केट्या सुटल्या असत्या! "सबमिशनच्या आठवड्यात आम्ही १०० तास जागतो, त्याचं काय?" असं एकाने विचारलं आणि विषय हसण्यावारी गेला.

मला मात्र तेव्हापासून एक प्रश्न पडलाय. उद्योगपती जेव्हा 'देशासाठी' काही सांगतात, तेव्हा ते नक्की कोणाच्या वतीने बोलत असतात? दरवर्षी बजेटच्या दिवशी टीव्हीवर मोठमोठ्या कंपन्यांचे प्रमुख बजेटला मार्क देतात. दहापैकी आठ, दहापैकी नऊ. आपल्या युनिव्हर्सिटीत असे दिलदार एक्झॅमिनर कुठे मिळतात? मग वर्षभर हीच मंडळी सांगत राहतात, की अमुक धोरण बदललं नाही तर देश स्पर्धेत मागे पडेल. यातलं किती खरं मानायचं?

तुम्ही म्हणाल, हा प्रश्न कॉमर्सवाल्यांचा, आपण इंजिनिअर, आपल्याला काय त्याचं? पण आपण सगळे आता प्लेसमेंटच्या रांगेत उभे राहणार आहोत. कंपनी आपल्याला घेणार की नाही हे आपल्या पॉइंटरवर जितकं अवलंबून आहे, तितकंच ती कंपनी बाजारात टिकते की नाही यावरही आहे. म्हणून जरा वाचून काढलं. कॉन्व्हेंटवाली मुलगी मराठी विभागात अर्थशास्त्रावर लिहितेय याचं आश्चर्य वाटून घेऊ नका, आणि वेलांट्या मोजू नका एवढीच विनंती!

देश म्हणजे कंपनी आहे का?

आधी 'स्पर्धाक्षमता' हा जड शब्द सोपा करू. कंपनीची स्पर्धाक्षमता समजायला सोपी आहे. तोच नट-बोल्ट मी तुमच्यापेक्षा चांगला आणि स्वस्त केला की मी पुढे, तुम्ही मागे. देशाचं काय? मायकेल पोर्टर या हार्वर्डच्या प्राध्यापकांनी १९९० मध्ये यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते देशाच्या बाबतीत या शब्दाला एकच खरा अर्थ आहे, तो म्हणजे उत्पादकता. एक माणूस, एक मशीन, एक रुपया यातून किती मोलाचं काम निघतं ते बघायचं. लोकांचं राहणीमान शेवटी त्यावरच ठरतं.

पुढे १९९४ मध्ये पॉल क्रुगमन या अर्थशास्त्रज्ञाने इशारा दिला, की देशांना कंपनीसारखं समजणं धोक्याचं आहे. कंपनी तोट्यात गेली की कुलूप लागतं, देशाला कुलूप लावता येत नाही. शिवाय एका कंपनीचा फायदा बऱ्याचदा दुसरीचा तोटा असतो, पण दोन देशांच्या व्यापारात दोघांचाही फायदा होऊ शकतो. म्हणून उत्तम कंपनी चालवणाऱ्या माणसाला देशाची अर्थव्यवस्था आपोआप कळतेच असं नाही. उत्तम बॅट्समन चांगला अंपायर होईलच असं आहे का? तसंच हे.

तरीही उद्योगपतींच्या मताला वजन असतं. जागतिक क्रमवारीतसुद्धा! वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या २०१९ च्या स्पर्धाक्षमता यादीत १४१ देशांमध्ये भारत ६८ वा होता. या यादीतले काही मार्क प्रत्यक्ष आकडेवारीवर असायचे आणि काही चक्क कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना 'तुमच्या देशात रस्ते कसे आहेत, नियमांचा जाच किती आहे' असं विचारून द्यायचे. म्हणजे मतांवरून नंबर, नंबरवरून बातमी आणि बातमीवरून धोरण. वर्ल्ड बँकेची 'डुइंग बिझनेस' नावाची दुसरी यादी होती. तिच्यात भारत २०१४ मधल्या १४२ व्या नंबरवरून २०१९ मध्ये ६३ वर आला. पण काही देशांच्या आकड्यांमध्ये फेरफार झाल्याचं उघड झालं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेने ती यादीच बंद केली. रीडिंग 'ॲडजस्ट' करणं फक्त आपल्या जर्नलमध्ये होत नाही, हे वाचून मला थोडा धीर आला!

तर आता नंबर बाजूला ठेवू आणि आपल्याच देशातल्या उद्योगपतींनी वेळोवेळी सरकारकडे काय मागितलं ते पाहू.

मागण्यांचा प्रवास

सुरुवात पुण्यापासून. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. इंग्लंडची पुस्तकं सांगतात की सरकारने व्यापारात पडू नये, पण जो देश नुकता उभा राहतोय त्याला तो नियम जसाच्या तसा लावता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. जर्मनीच्या फ्रेडरिक लिस्ट यांनीही हेच मांडलं होतं आणि रानड्यांनी त्यांचा अभ्यास केला होता. तान्ह्या उद्योगाला काही काळ सांभाळावं लागतं, मग तो आपल्या पायावर उभा राहतो, असा हा विचार आहे. इथे 'काही काळ' हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

किर्लोस्करवाडीची गोष्ट मराठी माणसाला सांगायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावहून कारखाना हलवावा लागला, तेव्हा औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ माळरानाची जागा आणि कर्ज दिलं. १९१० मध्ये तिथे कारखाना उभा राहिला आणि लोखंडी नांगर शेतात गेले. संस्थानने काय केलं? जागा दिली, भांडवलाला हातभार लावला आणि बाजूला झालं. 'दुसऱ्या कोणाचा नांगर विकू देणार नाही' असं काही केलं नाही.

यानंतर १९४४. स्वातंत्र्य दिसू लागलं होतं. पुरुषोत्तमदास ठाकूरदास, जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, कस्तुरभाई लालभाई, लाला श्रीराम, अर्देशीर दलाल, ए. डी. श्रॉफ आणि जॉन मथाई या आठ जणांनी देशासाठी १५ वर्षांची, १०,००० कोटी रुपयांची योजना मांडली. हीच ती 'बॉम्बे प्लॅन'. १५ वर्षांत दरडोई उत्पन्न दुप्पट करायचं असं तिचं उद्दिष्ट होतं. गंमत अशी, की देशातल्या सगळ्यात मोठ्या भांडवलदारांनी या योजनेत सरकारचा मोठा हात मागितला होता! पोलाद, वीज, रसायनं असे पायाभूत उद्योग उभे करायला एवढा पैसा खाजगी माणूस कुठून आणणार? शिवाय परदेशी मालापासून संरक्षणही हवं होतं.

सरकार आलं, पण ते मागितल्यापेक्षा बरंच जास्त आलं. १९५१ च्या कायद्याने लायसन्स सुरू झालं. काय बनवायचं, किती बनवायचं, कुठे बनवायचं, सगळ्याला दिल्लीची परवानगी. १९६९ मध्ये एमआरटीपी कायदा आला आणि मोठ्या उद्योगसमूहांना वाढण्यासाठी वेगळी परवानगी लागू लागली. बॉम्बे प्लॅनवर सही करणाऱ्या ए. डी. श्रॉफ यांनीच १९५६ मध्ये मुंबईत 'फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज' काढलं आणि सरकारी बंधनांविरुद्ध बोलायला सुरुवात केली. इकडे लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव किर्लोस्कर, एमआयटीत शिकून आलेले, पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना उभा करणारे, तेही आयुष्यभर या परवाना पद्धतीवर जाहीरपणे टीका करत राहिले. तेव्हा असं बोलणं सोपं नव्हतं.

त्या काळाची दोन उदाहरणं देते. पहिलं नारायण मूर्तींचं. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात १०,००० रुपयांवर सुरू झाली. टेलिफोनची लाइन मिळायला एक वर्ष लागलं आणि कॉम्प्युटर आयात करायच्या परवानगीसाठी दिल्लीच्या फेऱ्यांवर फेऱ्या माराव्या लागल्या, हे त्यांनी स्वतः अनेक भाषणांत सांगितलंय. सॉफ्टवेअर कंपनीकडे फोन नाही आणि कॉम्प्युटर नाही, आता बोला!

दुसरं आपल्या आकुर्डीचं. बजाजची चेतक १९७२ मध्ये आली. तिच्यासाठी एके काळी दहा-दहा वर्षं नंबर लावावा लागे. आजोबा सांगतात, स्कूटरचा नंबर लागला की पेढे वाटायचे! मागणी प्रचंड होती, पण कारखान्याने लायसन्समध्ये लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त गाड्या काढायच्या नाहीत असा नियम. जास्त माल बनवणं हा गुन्हा, असं जगात कुठे असेल का? राहुल बजाज यांचा या पद्धतीवरचा राग अगदी रास्त होता.

पण याच लायसन्सने त्यांना दुसरीही एक गोष्ट दिली होती. नवीन प्रतिस्पर्धी सहजासहजी आत येऊ शकत नव्हता. गिऱ्हाईक दहा वर्षं थांबायला तयार असेल तर डिझाइन बदलायची घाई कोणाला? म्हणजे लायसन्स एका हाताने गळा आवळत होतं आणि दुसऱ्या हाताने पंख्याने वारा घालत होतं.

१९९१ आणि १९९३

१९९१ मध्ये देशाकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल एवढंच परकीय चलन उरलं. २४ जुलै १९९१ ला नवीन औद्योगिक धोरण जाहीर झालं आणि त्याच दिवशी अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग यांनी बजेट मांडलं. १८ उद्योग सोडून बाकी सगळ्यांचं लायसन्स रद्द. एमआरटीपीतली मोठ्यांच्या वाढीवरची अट गेली. ३४ उद्योगांमध्ये परदेशी कंपन्यांना ५१ टक्क्यांपर्यंत भागीदारी आपोआप मंजूर. आयातीवरचं सर्वात जास्त शुल्क १५० टक्क्यांवर आणलं आणि नंतर ते टप्प्याटप्प्याने उतरत २००७-०८ पर्यंत शेतमाल सोडून इतर मालावर १० टक्क्यांपर्यंत आलं.

सगळे उद्योगपती खूश झाले असतील ना? लायसन्स गेलं म्हणून झाले. पण १९९३ मध्ये राहुल बजाज, हरिशंकर सिंघानिया, एल. एम. थापर, जमशेद गोदरेज वगैरे उद्योजक मुंबईत एकत्र आले आणि त्यांनी सरकारकडे गाऱ्हाणं मांडलं. वर्तमानपत्रांनी त्यांना नाव ठेवलं 'बॉम्बे क्लब'. त्यांची मागणी तीन शब्दांत प्रसिद्ध झाली: 'लेव्हल प्लेइंग फील्ड', म्हणजे सपाट मैदान.

त्यांचं म्हणणं नीट ऐकायला हवं, कारण त्यात तथ्य होतं. तेव्हा इथे बँकेचं कर्ज १७-१९ टक्क्यांच्या घरात होतं आणि परदेशी कंपनी त्याच्या कितीतरी कमी व्याजाने पैसा उभा करत होती. इथे वीज जाते, बंदरात माल अडकतो, रस्त्यावर जकातीच्या रांगा, करांवर कर. चाळीस वर्षं हातपाय बांधून ठेवलेल्या माणसाला दोरी सोडल्या सोडल्या ऑलिम्पिकमध्ये पळायला सांगितलं तर तो काय करणार? आम्ही खुलेपणाच्या विरोधात नाही, फक्त मैदान सपाट करा, असं राहुल बजाज शेवटपर्यंत सांगत राहिले.

पण त्याच गाऱ्हाण्यात दुसराही सूर होता. शुल्क हळूहळू उतरवा, परदेशी कंपन्यांना एवढ्या लवकर आत घेऊ नका, आमच्या कंपन्या त्यांना गिळू देऊ नका. आता गल्ली क्रिकेटवर या. पिचवरचे दगड उचला, ही एक मागणी. समोरच्या टीमचा फास्ट बॉलर खेळवू नका, ही दुसरी. दोन्ही मागण्या एकाच अर्जात, एकाच नावाखाली लिहिल्या की अंपायरचा गोंधळ होतो. माझ्या मते या सगळ्या विषयाचं सार इथेच आहे. उद्योगपतींच्या प्रत्येक म्हणण्यात 'आमची वाट मोकळी करा' आणि 'दुसऱ्याची वाट अडवा' हे दोन भाग मिसळलेले असतात. पहिला भाग बहुतेक वेळा देशाच्या फायद्याचा असतो आणि दुसरा बहुतेक वेळा फक्त त्यांच्या.

पुढे काय झालं?

दुचाकींचं उदाहरणच पूर्ण करू. या धंद्यात जपानी कंपन्या १९८० च्या दशकातच भागीदारीने आल्या होत्या. हीरो होंडा १९८४ मध्ये स्थापन झाली, तिची कमी पेट्रोल पिणारी फोर स्ट्रोक मोटारसायकल लोकांनी उचलून धरली आणि २००१ पर्यंत तिने बजाजला मागे टाकलं. बजाज संपली का? नाही. त्याच २००१ मध्ये पल्सर आली. आपल्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा, किती पल्सर उभ्या आहेत ते मोजा. जी कंपनी वर्षानुवर्षं जवळपास तीच स्कूटर विकत होती, ती आज ७० हून अधिक देशांत गाड्या पाठवते. २००९ मध्ये तिने स्कूटर बनवणं थांबवायचं ठरवलं आणि २०२० मध्ये चेतक हे नाव परत आलं, ते इलेक्ट्रिक होऊन. ज्या स्पर्धेची धास्ती वाटत होती, तिनेच तिला चांगलं इंजिनिअरिंग करायला लावलं.

मुंढव्याच्या भारत फोर्जचंही असंच. बाबा कल्याणी यांनी १९९० च्या सुमारास, दार पूर्ण उघडायच्या आधीच, जर्मन बनावटीच्या मोठ्या स्वयंचलित प्रेसमध्ये पैसा घातला आणि शॉप फ्लोअरवर इंजिनिअर आणले. २००४ मध्ये त्यांनी जर्मनीतलीच एक फोर्जिंग कंपनी विकत घेतली.

पण फक्त जिंकलेल्यांच्या गोष्टी सांगणं लबाडी होईल. कानपूरची एलएमएल, मुंबईची प्रीमियर पद्मिनी, असे कितीतरी उद्योग या स्पर्धेत बंद पडले आणि तिथल्या कामगारांना कोणी नवीन प्रेस लाइन आणून दिली नाही. मैदान खुलं करताना पडणाऱ्याला उचलायची सोय सरकारने करायला हवी होती, ती फार कमी झाली.

कोणी म्हणेल, दक्षिण कोरियानेही आपल्या उद्योगांना संरक्षण दिलंच की! दिलं, नक्की दिलं. १९६० आणि ७० च्या दशकांत तिथल्या सरकारने कंपन्यांना स्वस्त कर्ज दिलं, परदेशी गाड्या बाहेर ठेवल्या. पण त्याबरोबर निर्यातीचं टार्गेट दिलं. बाहेरच्या जगात माल विकून दाखवा, तर पुढचं कर्ज. म्हणजे संरक्षण होतं, पण दरवर्षी परीक्षा होती. आपल्याकडे संरक्षण होतं आणि परीक्षा नव्हती. ह्युंदाईची पोनी १९७५ मध्ये आली आणि १९९८ मध्ये ह्युंदाई चेन्नईजवळ सँट्रो बनवून आपल्यालाच विकत होती. रानड्यांचे 'काही काळ' हे शब्द कोरियाने पाळले, आपण विसरलो.

आजची गोष्ट: पत्रा महाग झाला तेव्हा

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर आमच्या घरी या. माझ्या बाबांचं भोसरीला छोटं प्रेस शॉप आहे. पाच पॉवर प्रेस, बारा माणसं. पत्रा आणायचा, डाय लावायची, गाड्यांना लागणारे ब्रॅकेट आणि वॉशर काढायचे.

एप्रिल २०२५ मध्ये सरकारने काही प्रकारच्या आयात पोलादी पत्र्यावर १२ टक्के तात्पुरतं सुरक्षा शुल्क लावलं. बाहेरून स्वस्त पोलादाचा पूर येतोय आणि त्यात देशी उद्योग वाहून जाईल, असं मोठ्या पोलाद कंपन्यांचं म्हणणं होतं. चीन गरजेपेक्षा जास्त पोलाद बनवून जगभर ओततो हे खरंच आहे. पण पोलाद कंपनीचा तयार माल म्हणजे बाबांचा कच्चा माल. तिच्यासाठी जे संरक्षण, तो बाबांसाठी खर्च. महाग पत्र्याचा ब्रॅकेट निर्यातीत व्हिएतनामच्या ब्रॅकेटसमोर कसा टिकणार? दोघेही उद्योजक, दोघेही 'देशी', आणि दोघांची मतं एकमेकांच्या विरुद्ध. टीव्हीवर मात्र 'उद्योगजगताचं मत' म्हणून एकच मत दिसतं, कारण माईक मोठ्यांच्या हातात असतो. भोसरीत कोणी कॅमेरा घेऊन येत नाही.

अजून एक. लहान पुरवठादाराचं बिल ४५ दिवसांत द्यायला हवं असा कायदा २००६ पासून आहे. बाबांचा एक मोठा गिऱ्हाईक (नाव घेत नाही, धंदा आहे) पाच-पाच महिने लावतो. सरकारी परवानग्या लवकर मिळत नाहीत म्हणून तक्रार करणारे मोठे लोक लहान माणसाचं पेमेंट किती दिवसांत करतात, हा प्रश्नही देशाच्या स्पर्धाक्षमतेचाच आहे ना?

तीन प्रश्नांची चाळणी

मग उद्योगपतींचं ऐकायचंच नाही का? छे! कुठे पाणी मुरतंय हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. बंदर, वीज, कर, कागदपत्रं यांबद्दलच्या त्यांच्या तक्रारी म्हणजे आपल्या कंट्रोल सिस्टिमचा फीडबॅक. तो बंद केला तर सिस्टिम भरकटणार. राज्याराज्यांच्या सीमेवर ट्रक थांबतात, एकच कर करा, असं उद्योजक कित्येक वर्षं सांगत होते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. पहिली दोन वर्षं त्याच्या फॉर्मांनी बाबांची झोप उडवली, पण चेकनाक्यांवरच्या रांगा गेल्या, हे बाबाही कबूल करतात. ती मागणी वाट मोकळी करणारी होती.

म्हणून फीडबॅक घ्यायचा, पण नॉइज गाळून. माझी चाळणी अशी.

पहिला प्रश्न: याचा फायदा आज धंद्यात असलेल्यालाच आहे, की उद्या येणाऱ्यालाही? वीज सुधारली तर सगळ्यांची सुधारते. आयात बंद केली तर आत असलेल्यांचंच फावतं.

दुसरा प्रश्न: बिल कोण भरणार? सप्टेंबर २०१९ मध्ये कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या कारखान्यांना १५. उद्योगजगताने टाळ्या वाजवल्या. पण सप्टेंबर २०२२ मध्ये अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनाच उद्योजकांना विचारावं लागलं, की तुम्ही गुंतवणूक का करत नाही, हनुमानासारखं तुम्हाला तुमची ताकद कोणी आठवण करून द्यायला हवी का? जुलै २०२४ च्या आर्थिक पाहणी अहवालातही लिहिलंय, की कंपन्यांचा नफा भरपूर वाढला, पण त्या मानाने नोकऱ्या आणि पगार वाढले नाहीत. आपल्या सीनिअर्सना विचारा.

तिसरा प्रश्न: परीक्षा आणि शेवटची तारीख आहे का? २०२० पासून आलेल्या पीएलआय योजनेत १४ क्षेत्रांसाठी मिळून १.९७ लाख कोटी रुपये ठेवले. त्यात एक गोष्ट बरी आहे. आधी उत्पादन आणि विक्री वाढवून दाखवा, मग पैसे, आणि तेही ठराविक वर्षंच. मोबाईलमध्ये फरक दिसला, २०२४-२५ मध्ये स्मार्टफोनची निर्यात सुमारे २ लाख कोटी रुपयांवर गेली. अजून बरेच सुटे भाग बाहेरूनच येतात हेही खरं. बाकीच्या सगळ्या क्षेत्रांत तेवढं यश आलेलं नाही. 'मेक इन इंडिया' २०१४ मध्ये सुरू झालं तेव्हा कारखानदारीचा वाटा २५ टक्क्यांवर न्यायचा होता, तो २०२४-२५ पर्यंत १७ टक्क्यांच्या आसपासच राहिला.

आणि एक जोडप्रश्न: मागणारा स्वतः काय घालतोय? संशोधनावरचा भारताचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ०.६४ टक्के होता, आणि त्यात खाजगी कंपन्यांचा वाटा साधारण एक तृतीयांश. दक्षिण कोरियात हाच खर्च साडेचार टक्क्यांच्या वर आहे आणि त्यातला मोठा भाग कंपन्यांचा आहे. स्पर्धेत टिकायला फक्त सरकारने पिच रोल करून भागत नाही, नेटमध्ये प्रॅक्टिसही करावी लागते.

बोलणारी माणसं हवीत

ज्या राहुल बजाज यांच्या बॉम्बे क्लबवर मी एवढं लिहिलं, त्यांच्याबद्दल एक सांगायलाच हवं. ३० नोव्हेंबर २०१९ ला मुंबईच्या एका समारंभात गृहमंत्री अमित शहा समोर बसलेले असताना ते उभं राहून म्हणाले, की उद्योजकांना सरकारवर टीका करायची भीती वाटते. कोणी घाबरायचं कारण नाही, असं शहांनी उत्तर दिलं. दोन्ही बाजूंनी नंतर भरपूर वाद झाला. पण विचार करा, सगळेच जण बजेटला दहापैकी नऊ देत राहिले तर त्या मार्कांना किंमत काय? ज्या वर्गात सगळ्यांना डिस्टिंक्शन, त्या वर्गाचा निकाल कोण मानतो? १९४४ चे आठ जण, श्रॉफ, शंतनुराव आणि राहुल बजाज यांच्याशी आपण सहमत असू किंवा नसू, ते स्पष्ट बोलले म्हणून त्यांच्या म्हणण्यातलं काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते आज आपल्याला ठरवता येतं. राहुल बजाज १२ फेब्रुवारी २०२२ ला पुण्यात गेले. तसं बोलणारे आता फार दिसत नाहीत, आणि ही देशाच्या स्पर्धाक्षमतेसाठी चांगली गोष्ट नाही.

आपल्यापैकी काही जण कंपन्यांत जातील, काही एमपीएससी-यूपीएससी करून सरकारी खुर्चीत बसतील, एखादा स्टार्टअप काढेल, एखादी (मी!) भोसरीला जाऊन पत्र्याचा भाव विचारेल. खुर्चीत बसाल तेव्हा अर्ज नीट वाचा, त्यात दगड उचलायची मागणी कुठली आणि बॉलर काढायची कुठली ते वेगळं करा, आणि ज्याच्या हातात माईक नाही त्यालाही बोलवा. आणि स्वतः अर्ज लिहायची वेळ आली तर दगडांची यादी मोठी करा. बॉलर राहू द्या, त्याला खेळूनच आपण शिकू.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)